एन्फिल्ड किती लांब मारायची? माझ्याच एका वाक्याची दुरुस्ती

दरवर्षी जूनमध्ये फुलबागेत राणीच्या समाधीवर फुलं वाहून झाली की आमची चार डोकी तिथंच सावलीला उभी राहतात आणि १८५८ ची लढाई पुन्हा एकदा लढतात. दोन वर्षांपूर्वी कॉलेजातला एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "काका, तुमचा लेख वाचला. एन्फिल्ड दोनशे यार्डांच्या पुढे निरुपयोगी होती असं तुम्ही लिहिलंय. मी ते भाषणात घेतलं. पण मग इंग्रजांना त्या बंदुकीचा एवढा फायदा झाला कसा?"

मी त्याला काहीतरी उत्तर दिलं. खरं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. ते वाक्य मात्र माझंच होतं, आपल्या मंडळात मीच वाचलेलं, आणि मोठ्या तोऱ्यात वाचलेलं. कारण मी नुसती पुस्तकं चाळली नव्हती, स्वतः बंदूक उडवून पाहिली होती. आज त्या वाक्याची दुरुस्ती करायची आहे. त्यासाठी गोळी कशी निवडतात आणि 'अचूक' हा शब्द कशावरून वापरायचा, हे जरा सविस्तर सांगावं लागेल.

आधी पार्श्वभूमी. नोकरीच्या निमित्तानं मी दोन वर्षं इंग्लंडमध्ये होतो. तिथं काळ्या दारूच्या जुन्या पद्धतीच्या बंदुका रीतसर परवान्यानं, क्लबाच्या रेंजवर उडवतात. मूळ बंदुका दीडशे वर्षांच्या आणि महाग, म्हणून बरेच लोक नव्यानं बनवलेल्या प्रतिकृती वापरतात. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीनं मूळ नमुन्यांवरून मापं घेऊन काढलेल्या एन्फिल्डच्या प्रतिकृती तिथं फार मानानं सांभाळल्या जातात. हल्लीच्या बहुतेक प्रतिकृती इटलीतून येतात. कारखान्यातल्या माझ्या एका सहकाऱ्याकडे पार्कर-हेलची होती. त्यानं पाहुणा म्हणून मला रेंजवर नेलं. (आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. हा लेख वाचून कुणी आजोबांची माळ्यावरची बंदूक खाली काढू नये. जुन्या नळीत कधीकधी जुनाच बार भरलेला असतो.)

ही १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड म्हणजे ठासणीची, एकबारी रायफल. नळी ३९ इंच, बोअर ०.५७७ इंच. नळीत आतून तीन चर, आणि त्यांना पीळ असा की ७८ इंचांत एक पूर्ण फेरा व्हावा. म्हणजे गोळी नळीत अर्धाच फेरा घेऊन बाहेर पडते. दारू अडीच ड्रॅम, साधारण ६८ ग्रेन. गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे तीन तोळ्यांना जरा कमी. एवढं शिसं हातात घेतलं की पहिल्यांदा दचकायला होतं.

ठासणीच्या रायफलची मूळ अडचण अशी. पीळ लागायचा तर गोळी चरांत घट्ट बसायला हवी. पण गोळी तोंडाकडून गजानं खाली ढकलायची, त्यामुळे ती सैल हवी. घट्ट गोळी हातोडीनं ठोकत बसलं तर शिपाई मिनिटाला एक बारसुद्धा काढू शकत नाही. यावर फ्रेंच कॅप्टन मिनिए याच्या १८४९ च्या सुमाराच्या गोळीनं मार्ग काढला. गोळी लांबट, बोअरपेक्षा थोडी बारीक, आणि बुडाशी पोकळ. दारू पेटली की वायूच्या दाबानं पोकळ बुडाचा काठ फाकतो आणि चरांत जाऊन बसतो. जाताना सैल, येताना घट्ट. एन्फिल्डची प्रिचेट गोळी याच तत्त्वावरची. पुढे तिच्या पोकळीत लाकडाचं बूच बसवू लागले, म्हणजे ते आत सरकून काठ आणखी फाकवेल.

हे मला तेव्हाही माहीत होतं. १८५७ च्या गोळीचा व्यास ०.५६८ इंच, हेही वाचलेलं होतं. म्हणून मी हट्ट धरला की गोळी ०.५६८ चीच पाहिजे, इतिहासाशी प्रामाणिक. त्या मापाच्या गोळ्या मिळवल्या, बुडाला चरबी-मेण लावलं, ६८ ग्रेन दारू मोजून घातली आणि उडवल्या. शंभर यार्डांवर चार फुटी लक्ष्य, आणि दहातल्या चार गोळ्या कागदावर आल्याच नाहीत. ज्या आल्या त्यांतल्या दोघींनी गोल भोक पाडण्याऐवजी लांबट चीर पाडली. याचा अर्थ गोळी हवेत कोलांट्या खात आली. दोनशे यार्डांवर तर सगळाच आनंद होता. मी वहीत लिहिलं, 'दोनशेच्या पुढे निरुपयोगी', आणि तेच ग्वाल्हेरला येऊन वाचून दाखवलं.

चूक कुठे झाली, ते कळायला सात वर्षं गेली. मुलगी आता तिकडेच राहते. तिच्याकडे गेलो असताना पुन्हा त्याच क्लबात गेलो, तेव्हा सत्तरीच्या एका सभासदानं माझी वही पाहिली आणि विचारलं, "कागद कुठाय?"

कागद! आपल्या सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट, आणि नेमकी तीच मी गाळली होती. १८५७ चं काडतूस म्हणजे कागदाची नळी. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी, आणि गोळीच्या बाजूचा कागद बाहेरून चरबीत बुडवलेला. शिपायानं दारूकडचं टोक दातानं तोडायचं, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटं करायचं, गोळीचा भाग कागदासकट नळीच्या तोंडात ढकलायचा आणि वर उरलेला रिकामा कागद फाडून टाकायचा. म्हणजे गोळी नळीत उघडी जातच नव्हती. ती चरबीच्या कागदाचा सदरा घालून जायची.

आता माप पाहा. बोअर १४.६६ मिलिमीटर, गोळी १४.४३. मध्ये फट ०.२३ मिलिमीटर. पातळ कागद धरा ०.०५ मिलिमीटरचा, गोळीभोवती त्याचे दोन वेढे. व्यासाच्या दोन्ही बाजू मोजल्या तर कागदाचे चार थर, म्हणजे ०.२० मिलिमीटर. उरली फट ०.०३! मी गोळीचा व्यास पुस्तकातून घेतला आणि कागद विसरलो, त्यामुळे माझ्या नळीत मूळच्यापेक्षा जवळजवळ आठपट फट होती. वायू बाजूनं निसटत होते, गोळी वाकडीतिकडी फाकत होती, पीळ तिला धरतच नव्हता. आयुष्यभर कारखान्यात फिट आणि टॉलरन्स तपासणाऱ्या माणसानं हे करावं, याची आजही लाज वाटते.

आणखी एक दोष त्या गोळ्यांतच होता. शिसं शुद्ध नव्हतं. गाडीच्या चाकांना तोल साधायला लावतात त्या जुन्या वजनांचं शिसं स्वस्त मिळतं, पण त्यात अँटिमनी असतो आणि त्यानं शिसं कडक होतं. दुसऱ्या प्रकारच्या बंदुकीत ते चालून जातं. इथं बूड फाकण्यावरच सगळा खेळ आहे. कडक काठ फाकायलाच तयार नसतो. शुद्ध शिशावर नखानं सहज ओरखडा उमटतो. साधी परीक्षा आहे, आणि मी ती केली नव्हती.

आता ज्यांना प्रतिकृतीवर काही तपासून पाहायचं आहे (आपले बरेच वाचक परदेशी असतात, त्यांना ते शक्य आहे), त्यांनी पुस्तकातल्या आकड्यापासून सुरुवात करू नये. आधी आपल्या हातातली नळी मोजावी. बंदुकीवर ०.५७७ लिहिलेलं असलं तरी इटालियन प्रतिकृतींत ०.५७८ पासून ०.५८० पर्यंत बोअर सापडतो. बाजारात सहज मिळणारा साचा ०.५७५ चा असतो. ०.५८० च्या नळीत ०.५७५ ची गोळी म्हणजे पुन्हा माझ्यासारखीच गत. उघडी, बिनकागदाची गोळी वापरणाऱ्यांचा अनुभव असा की ती बोअरपेक्षा इंचाच्या एक-दोन हजारांश भागांइतकीच बारीक असावी. मोजायला प्लग गेज सगळ्यांत बरं. नळीत मऊ शिसं ढकलून काढून ते मायक्रोमीटरनं मोजायची पद्धतही आहे, पण चर तीन असल्यामुळे एका चरासमोर दुसरा चर येत नाही, उंचवटा येतो. साध्या मायक्रोमीटरनं चरांचा व्यास चुकतो. त्याला व्ही आकाराच्या ऐरणीचा मायक्रोमीटर लागतो. पीळही तपासावा. काही प्रतिकृतींत ७८ ऐवजी ४८ इंचांत फेरा असतो. तो आखूड एन्फिल्डचा पीळ, लांब एन्फिल्डचा नव्हे. मूळ नळीत चर मागे खोल आणि तोंडाशी उथळ असत, बऱ्याच प्रतिकृतींत ते सारख्याच खोलीचे असतात. अशा बंदुकीचा निकाल त्या बंदुकीपुरता खरा. तो १८५७ च्या नावावर खपवायचा नाही.

गोळीच्या बुडाच्या काठाची जाडी हा आणखी एक नाजूक भाग. काठ पातळ आणि दारू जास्त असेल तर नळीतून बाहेर पडताक्षणी काठ फुलासारखा उमलतो आणि गोळी भरकटते. काठ जाड आणि दारू कमी असेल तर तो फाकतच नाही. म्हणून स्पर्धेतले लोक निम्म्या-पाऊण दारूवर पातळ काठाची गोळी उडवतात आणि सुंदर निशाण काढतात. पण शिपायाचा बार अडीच ड्रॅमचा होता. तीन तोळ्यांच्या गोळीला तेवढ्या दारूनं ढकललं की खांद्याला कळतं. ओतलेल्या गोळ्या एकेक तोलून पाहाव्यात. जी हलकी भरेल तिच्या पोटात हवेचा बुडबुडा आहे असं समजून पुन्हा वितळवावी. बुडबुडा मधोमध कधीच नसतो, त्यामुळे अशी गोळी भोवऱ्यासारखी डोलत जाते.

शुद्ध शिसं, ०.५६८ चा साचा, मूळ पद्धतीचं कागदाचं काडतूस आणि तीच पार्कर-हेल, असं सगळं जमवून पुन्हा बसलो. शंभर यार्डांवर दहाच्या दहा कागदावर, भोकं गोल, आणि सगळी मिळून जेवणाच्या ताटाखाली झाकली जातील अशी. दोनशेवर पसरली, पण एकही हरवली नाही. बंदूक तीच, नेम धरणारा तोच, फक्त सात वर्षांनी म्हातारा.

या दुसऱ्या खेपेलाही मी एक चूक करणारच होतो. पहिल्या तीन गोळ्या एका वाटीत मावतील इतक्या जवळ पडल्या. मी फोटो काढला. सहकारी हसला आणि म्हणाला, अजून सात उडव. वाटीचं ताट झालं. यात काही गूढ नाही. फक्त तीन गोळ्या उडवल्या तर त्यांतल्या टोकाच्या दोघींमधलं अंतर, दहा उडवल्यावर मिळतं त्याच्या सरासरीनं सुमारे ६३ टक्केच भरतं, कारण दूर पडणाऱ्या गोळीला पडायची संधीच मिळालेली नसते. शिवाय तीन-तीनचे गट एकाच बंदुकीचे असूनही एक दुसऱ्याच्या दुप्पट निघणं अगदी नेहमीचं. कुणी तीन भोकांचा फोटो दाखवून 'बघा केवढी अचूक' म्हणालं, की बाकीचे कागद कुठे आहेत ते विचारावं.

यासाठी एक फार चांगलं माप १९ व्या शतकातच होतं. १८५३ मध्ये इंग्रजांनी हाइथ इथं बंदूकबाजीची शाळा काढली. तिथं गोळ्यांचा मध्यबिंदू काढून प्रत्येक गोळीचं त्यापासूनचं अंतर मोजत आणि सगळ्यांची सरासरी घेत. याला ते 'गुणांक' अशा अर्थाचं नाव देत. एखादी भरकटलेली गोळी सगळा निकाल बिघडवत नाही आणि एखादी नशिबाची गोळी तो सजवतही नाही. १८५७ मध्ये तिथं एन्फिल्डची व्हिटवर्थच्या रायफलशी तुलना झाली. व्हिटवर्थ म्हणजे स्क्रूच्या आट्यांना प्रमाण माप देणारा तोच मँचेस्टरचा इंजिनियर. त्यानं षटकोनी बोअरची, ०.४५१ इंचाची रायफल बनवली होती. ५०० यार्डांवर एन्फिल्डची सरासरी २.२४ फूट आली आणि व्हिटवर्थची ०.३७ फूट. ८०० यार्डांवर एन्फिल्ड चार फुटांच्या वर गेली.

२.२४ फूट म्हणजे ६८ सेंटिमीटर. यावरून मी हिशोब मांडला. गोळ्या चारी दिशांना सारख्याच पसरतात असं धरलं, आणि समोर उभ्या माणसाची रुंदी ५० सेंटिमीटर, उंची १७० धरली, तर ५०० यार्डांवर दहातल्या तीन गोळ्या त्याला लागतील. तेही बंदूक टेकूवर, वारा नाही आणि अंतर नेमकं माहीत असताना. शिपायाला अंतर कोण सांगणार? त्या अंतरावर ही जड, मंद गोळी इतक्या उतारानं खाली येत असते की अंदाज ५० यार्डांनी चुकला तर ती साधारण पुरुषभर उंचीनं चुकते. डोक्यावरून तरी जाते, नाहीतर पुढे मातीत शिरते. म्हणूनच नेमपट्टीवर ९०० पर्यंत कोरलेल्या खुणा पाहून 'ही ९०० यार्ड मारायची' असं संग्रहालयातल्या पाटीवर लिहिणंही तितकंच फसवं. ती पट्टी उंची सांगते. अचूकपणाबद्दल ती काहीच बोलत नाही.

पण एकटा माणूस सोडा आणि तोफेभोवती उभे सात-आठ गोलंदाज, बैल, दारूची पेटी असं लक्ष्य धरा. मग ५०० यार्डांवरची ती सरासरी भयानक ठरते. गुळगुळीत नळीच्या जुन्या मस्केटला शंभर यार्डांपलीकडे नेम धरून मारणं अवघड होतं. त्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे.

उरलेलं अर्धं उत्तर काल्पीत आहे, आणि ते इंग्रजांच्या बाजूनं नाही. २२ मे १८५८, यमुनाकाठची गोलावलीची लढाई. रावसाहेब, राणी लक्ष्मीबाई आणि बांद्याचा नवाब यांच्या फौजेनं ब्रिगेडियर स्टुअर्टच्या फळीवर असा जोर केला की ती मागे हटायला लागली. ह्यू रोज उंटदळ घेऊन धावला म्हणून सावरली. त्या दिवशी इंग्रज शिपायांच्या एन्फिल्डमध्ये गोळी नीट ठासली जात नव्हती, गोळीबार मंदावला होता. कारण आत साठलेली काजळी. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे उरतो. इंग्लंडच्या दमट हवेत ती काजळी ओली, मऊ राहते. आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हात ती नळीत पापडासारखी कडक होते, आणि चरबी तर कागदातून वितळून केव्हाच गेलेली असते. वर हिशोब केला ना, कागद धरून फट उरते ०.०३ मिलिमीटर. काजळीचा एक पातळ थर बसला की संपली फट!

माझ्या शंभर यार्डांच्या ताटाएवढ्या निशाणालाही म्हणूनच एक तळटीप हवी. मी प्रत्येक बारानंतर ओल्या फडक्यानं नळी पुसत होतो. काल्पीत कुणी फडकं फिरवत बसलं नव्हतं. मी एकदा न पुसता उडवून पाहिलं. गार, ढगाळ दिवस होता, तरी पंधरा-सोळा बारांनंतर गजावर दोन्ही हातांनी भार द्यावा लागला.

इंग्रजांनी धडा लगेच घेतला. १८५९ मध्ये गोळीचा व्यास ०.५६८ वरून ०.५५० वर आणला. फट ०.२३ ची ०.६९ मिलिमीटर झाली, कागद धरूनही अर्धा मिलिमीटर मोकळी. एवढी फट भरून काढायचं काम बुडातल्या बुचावर सोपवलं, आणि वंगणात चरबीऐवजी मधमाशीचं मेण आलं, जे उन्हात सहज वितळत नाही आणि ज्याच्याबद्दल कुणाच्या धर्माला शंकाही येत नाही. म्हणजे आपल्या पुस्तकांत 'चरबीची काडतुसं' एवढ्या दोन शब्दांत जे येतं, त्यात गोळीचा व्यास, कागदाची जाडी आणि वितळणबिंदू हे तिन्ही गुंतलेले होते.

या फरकाचा आपल्याला एक उपयोग आहे. नांगरटीत किंवा पावसानंतर कधीकधी अशा गोळ्या वर येतात, काही संग्रहालयांच्या कपाटांतही आहेत. उडालेली गोळी फाकलेली, चेपलेली असते, तिचा व्यास काही सांगत नाही. पण घाईत हातातून पडलेली, न उडालेली गोळी असेल आणि व्हर्निअर १४.४ मिलिमीटरच्या आसपास थांबला, तर ती जुन्या मापाची; १४.० च्या आसपास थांबला, तर १८५९ नंतरची, म्हणजे राणीच्या लढाईतली नक्कीच नव्हे. मोजण्याआधी वरचा पांढरा थर खरवडू नये, आणि तीन ठिकाणी मोजावं.

माझ्या जुन्या लेखातलं वाक्य यापुढे असं वाचावं: 'एन्फिल्ड ५०० यार्डांवर तोफखान्याला आणि घोळक्याला धोकादायक होती, एकट्या माणसाला त्याहून बऱ्याच कमी अंतरापर्यंत; आणि मे महिन्यात, पहिल्या काही बारांनंतर, तेवढीही नाही.' त्या मुलाला हे कळवलं आहे. त्यानं उलट विचारलंय की काल्पीत आपल्या बाजूकडे कोणत्या बंदुका होत्या आणि त्यांच्या गोळ्या कोण ओतत होतं. त्यावर सध्या वाचतो आहे.